दारू सुटली, पण आता गोड सुटत नाही. काय करावं?

सांजपाखरू
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. नवा आयडी का घेतलाय ते सांगायला नको.

गेल्या दिवाळीनंतर दारू बंद केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या घेऊन, रीतसर. त्याआधी रोजची क्वार्टर ठरलेली आणि शनिवार-रविवारी हिशेबच नसायचा. आता प्यावंसं वाटणं बरंच कमी झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडलो की गोड लागतं म्हणजे लागतंच. मी मुळात गोडखाऊ नाही. पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्याला हात जोडायचो. आता स्टेशनबाहेरच्या दुकानातून पाव किलो बालुशाही घेतो आणि घरी पोचेपर्यंत पुडक्यात नावाला उरते. जेवणानंतर पुन्हा काहीतरी हवंच. घरात काही नसलं तर साखरेचा डबा आणि चमचा.

वजन वाढलंय. परवाच्या तपासणीत एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) 6.1 आलं. बायको म्हणते, एक सोडून दुसरं धरलंस. भाऊ म्हणतो, खा बिनधास्त, दारूपेक्षा बरं. हे आपोआप कमी होतं का? की आत्ताच लगाम घालावा? अनुभवी लोकांनी सांगा.

तिसरी_घंटा
आधी अभिनंदन. बाकीचं नंतर.

खारा_शंकरपाळा
अभिनंदन +१. बालुशाही कुठल्या स्टेशनबाहेरची ते कळेल का? (हलके घ्या.)

निमूटराव
कटू वाटेल, पण वहिनींचं बरोबर आहे. साखर हेही व्यसनच. शरीराला एक कुबडी काढून दुसरी देताय. उद्यापासून गोड, मैदा, चहातली साखर सगळं बंद. तीन आठवडे त्रास होईल, मग जीभ सुधारते. मी स्वतः केलंय. रोज सकाळी दहा किलोमीटर पळतो.

गावठी_इंजिनियर
@निमूटराव, तुम्ही दारू सोडून साखर सोडलीत की नुसतीच साखर सोडलीत?

निमूटराव
मी कधी प्यायलोच नाही. त्याचा काय संबंध?

गावठी_इंजिनियर
काही नाही. सहज विचारलं.

जुना_मेंबर
सांजपाखरू, मी एएचा, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा जुना सभासद. दर आठवड्याला मीटिंगला जातो आणि नव्या माणसाच्या तोंडून हा प्रश्न हमखास ऐकतो. आमच्याकडे जुनीजाणती मंडळी पहिल्याच दिवशी सांगतात, खिशात गोळ्या-चॉकलेट ठेव. प्यायची लहर आली की आधी काहीतरी गोड तोंडात टाक, मग फोन कर, मग विचार कर. माझ्या शर्टाच्या खिशात पहिलं वर्षभर लिमलेटच्या गोळ्या असायच्या. धोब्याकडून शर्ट चिकट व्हायचे म्हणून बोलणी खाल्ली, पण प्यायलो नाही.

त्यामुळे निमूटरावांचा सल्ला मनापासून असला तरी तो मानू नका. सुरुवातीच्या काळात दोन लढाया एकदम लढायच्या नसतात. सिगारेट, साखर, वजन, बॉसशी भांडण, सगळं एकाच महिन्यात मार्गी लावायला निघालेले बरेच जण मी परत गुत्त्यावर गेलेले पाहिलेत. आधी दारू. बाकीची रांग तिच्या मागे.

आणखी एक. आमच्याकडे चार गोष्टी तपासायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तुमची वेळ बघा. संध्याकाळी ऑफिसातून निघताना या चारातल्या किती हजर असतात? बालुशाहीच्या आधी तो हिशेब मांडा.

हडपसर_एक्सप्रेस
जुना_मेंबर यांच्याशी सहमत. माझ्या काकांनी दारू सोडली तेव्हा ते रोज शिकरण खायचे. रोज म्हणजे रोज. आम्ही पोरं हसायचो. काका अजून आहेत, त्यांच्याबरोबर बसणारे दोघं आता नाहीत.

रुग्णसेवक
मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. इथे कुणालाही औषध सांगणार नाही. पण हे होतं कशामुळे ते थोडक्यात सांगतो, कारण 'मनाचा कमकुवतपणा' असं समजून लोक स्वतःलाच कोसत बसतात.

पहिली गोष्ट साध्या वजाबाकीची. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल 42.8 टक्के असतं. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण 60 ग्रॅम. ग्रॅमला 7 कॅलरी धरा, म्हणजे 420च्या आसपास. साखरेत हिशेब केला तर 100 ग्रॅमहून जास्त साखरेइतकी ऊर्जा. ती रोज ठरल्या वेळी मिळत होती, वर चकणा. एके दिवशी ती बंद झाली. शरीर त्या वेळेला मागणी करणारच. रममध्ये कोला घालून पिणाऱ्यांचं तर आणखी वेगळं, त्यांच्या ग्लासात खरीखुरी साखरही होती. 300 मिली कोलात तीसेक ग्रॅम असते.

दुसरी गोष्ट मेंदूची. शाबासकी देणारी जी यंत्रणा दारूने चेतवली जाते, तीच गोडानेही चेतवली जाते, फक्त कमी जोरात. एक दार बंद झाल्यावर ती ओळखीचं दुसरं दार ठोठावते. बहुतेकांमध्ये हे काही महिन्यांत निवळतं. काहींमध्ये रेंगाळतं.

तिसरी गोष्ट यकृताची. दारू पचवण्यात गुंतलेलं यकृत नवीन ग्लुकोज बनवायचं काम मागे टाकतं. न जेवता पिणाऱ्यांची रक्तातली साखर त्यामुळे घसरते. दारू बंद झाल्यावर ते काम पुन्हा सुरू होतं, पण वेळीअवेळी जेवायची सवय तशीच राहते आणि दुपारनंतर एकदम गळून गेल्यासारखं वाटतं.

आता 6.1 बद्दल. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घाबरायचं कारण नाही, दुर्लक्ष करायचंही नाही. मात्र बरीच वर्षं पिणाऱ्यांमध्ये रक्तपेशींवर परिणाम झालेला असतो, त्यामुळे हा आकडा कधी कधी खरा येत नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, ट्रायग्लिसराइड्स आणि यकृताच्या तपासण्या सोबत करून घ्या. फॅटी लिव्हर असेल तर गोडाला लगाम थोडा लवकर घालावा लागेल, कारण साखरेतलं फ्रुक्टोज बहुतांश यकृतातच जातं.

वाचणाऱ्या इतरांसाठी: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू थांबवू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम, थरथर, ताप. जिवावर बेततं. डॉक्टरला सांगूनच थांबवा.

तिसरी_घंटा
डॉक्टर, सुंदर प्रतिसाद. एक शंका. माझ्या मेव्हण्याला दवाखान्यात ॲडमिट केल्यावर सलाइनच्या आधी बी-वनचं इंजेक्शन दिलं होतं. ते कशाला?

रुग्णसेवक
@तिसरी_घंटा, ग्लुकोज वापरायला शरीराला थायामिन म्हणजे बी-वन लागतं. जास्त पिणाऱ्यांमध्ये त्याचा साठा संपत आलेला असतो. तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून थायामिन आधी. त्यांनी बरोबर केलं.

अंगणवेल
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या नवऱ्याने दारू सोडून बराच काळ झाला. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. सोडल्यानंतर काही महिन्यांनी स्कूटरची डिकी उघडली तर आत पेढ्यांचा बॉक्स, अर्धा रिकामा, खाली दडवलेला. वर रेनकोट, त्यावर पुसायचं फडकं. पूर्वी क्वार्टर ठेवायचा तेव्हा हीच रचना असायची. तोच रेनकोट.

मला रडू आलं. पेढ्यांचं काही नाही हो, पेढे कोण नाही खात? लपवलेले बघून पोटात गोळा आला. त्याच्या समुपदेशकांशी बोलले. त्या म्हणाल्या, 'तो काय खातो याच्यावर पहारा ठेवू नका. लपवायची गरज त्याला का वाटते ते बघा.' आणि खरं होतं ते. मी वजनावरून, साखरेवरून रोज टोमणे मारत होते. त्याला घरात खाणं अवघड झालं होतं म्हणून बाहेर खात होता. मग डायनिंग टेबलावर उघडा डबा ठेवला. त्यात राजगिऱ्याचे लाडू, खजूर, कधी चिक्की. खायचं तर समोर खा. डिकी मी पुन्हा कधी उघडली नाही.

सांजपाखरू, तुमच्या पत्नीला हा धागा वाचायला द्या. आणि बालुशाही रस्त्यात संपवू नका, घरी आणा.

गावठी_इंजिनियर
@अंगणवेल, 'तोच रेनकोट' वाचून थांबलो. ताई, लिहिल्याबद्दल आभार.

जुना_मेंबर
अंगणवेल ताईंनी लाखातलं लिहिलंय. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, तिथे हेच शिकवतात: डिक्या तपासणं बंद. माझी बायको माझ्या तोंडाचा वास घेऊन दार उघडायची. ती सवय जायला माझ्यापेक्षा तिला जास्त वेळ लागला.

बर्फाळलेला
मिनेसोटातून. इथल्या मीटिंगांना कॉफी आणि डोनट असतातच. आमच्या ग्रुपमधला एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर रोज रात्री आईस्क्रीमचा डबा घेऊन बसतो आणि म्हणतो, याच्यामुळे मला अजून कुणी लॉकअपमध्ये टाकलेलं नाही. मी स्वतः पहिल्या हिवाळ्यात श्रीखंडाचे डबेच्या डबे संपवले. इंडियन स्टोअरचा पटेल विचारायचा, घरात लग्न आहे का?

चिमूटभर
आहारतज्ज्ञ आहे, थोडं व्यवहाराचं बोलते.

पिणाऱ्याचं रात्रीचं जेवण साधारण दहा-अकराला, तेही अर्धवट. दुपारचा डबा एकला. मधल्या वेळेत काही नाही, कारण 'बसायचं' असायचं. दारू गेली पण वेळापत्रक तेच राहिलं, तर एक ते दहा एवढा उपास पडतो. त्यात सहा-सातला बालुशाही दिसणार नाही तर काय? म्हणून लढाई सातला लढू नका, साडेपाचला लढा. ऑफिसातून निघायच्या आधी पोटात प्रथिनं जाऊ द्या: दोन उकडलेली अंडी, वाटीभर मटकीची उसळ, दही, पनीर, मूठभर भाजलेले चणे. पंधरा दिवस करून बघा. गोड खाऊच नका असं मी म्हणत नाही, भरल्या पोटी खा. पाव किलोची दोन नगांवर येते.

जेवण आठच्या आत. झोपही बघा. झोप नीट नसेल तर दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते, आणि दारू सोडल्यावर सुरुवातीला झोप बिघडतेच.

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवा म्हणते, जमल्यास 5, म्हणजे दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास. चहाचा चमचा 4-5 ग्रॅमचा. दारू सोडलेले लोक चहा किती पितात तेही मोजा. बालुशाही उगाच बदनाम होते, खरा हिशेब कटिंगमध्ये असतो.

कडकलक्ष्मीचा_भाऊ
साखरेऐवजी गूळ खावा. लोह असतं. आमचा कोल्हापुरी गूळ खाऊन कुणाला मधुमेह झालेला ऐकला नाही.

चिमूटभर
@कडकलक्ष्मीचा_भाऊ, मी ऐकलाय, रोज माझ्यासमोर बसतात. गूळही जवळजवळ साखरच. चव छान, ती मान्य. पण 6.1 वाल्याला 'गूळ चालतो' सांगितलं की तो अर्धी ढेप संपवतो.

कडकलक्ष्मीचा_भाऊ
भेसळीचा गूळ खात असतील. सेंद्रिय, काळपट गूळ घ्या म्हणावं.

खारा_शंकरपाळा
झालं. आता पुढची पन्नास उत्तरं गुळावर. मी शेंगदाणे घेऊन बसतो.

हडपसर_एक्सप्रेस
आणि मध? मध राहिला ना!

निमूटराव
शुगरफ्री मिठाई हा पर्याय आहे की.

चिमूटभर
शुगरफ्री मिठाईत साखर नाही, खवा आणि तूप आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवायला कृत्रिम गोडी वापरू नका. (ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ते मार्गदर्शन नव्हतं.) जीभ तेवढीच गोड राहिली तर ओढ कमी कशी होणार?

मांडवीकाठ
गोंयकार हांव. मराठीतच लिहितो, काळजी नको. आमच्याकडे मार्च ते मे उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा मोसम, तेव्हा दर घरी बाटली पुढे येते. 'नको' म्हटलं की लोक तब्येत विचारतात. मी सोडली तेव्हा बेबिंका आणि दोदोल यांच्यावर तुटून पडलो. दोदोल म्हणजे माडाचा गूळ आणि नारळाचं दूध, खाल्लं की दोन तास हलता येत नाही. यकृताच्या डॉक्टरनेच हात जोडले.

मला उपयोगी पडलं ते असं: हाताला ग्लास लागतो. जीभ नंतर. जुन्याच ग्लासात बर्फ, कोकमाचा आगळ, मीठ, जिरं, वर सोडा. सोडा उघडताना फस्स होतं ना, अर्धं काम तिथेच होतं. साखर घालत नाही. तिखटामिठाचं काही पोटात गेलं की गोडाची आठवण मागे पडते. आणि त्या वेळेला घरी बसत नाही, मिरामारला चालायला जातो.

जुना_मेंबर
मांडवीकाठ, तुम्हाला जमलं, आनंद आहे. पण जुना ग्लास, बर्फ, सोड्याचा आवाज हे सगळं काहींना थेट बाटलीपाशी नेतं. मी घरातले ते ग्लास देऊन टाकले. खारे शेंगदाणे आणि तळलेली मूगडाळ अजून खात नाही, त्यांना बैठकीचा वास येतो. ज्याने त्याने स्वतःला ओळखून करावं.

बर्फाळलेला
बिनअल्कोहोलच्या बिअरबद्दल काय मत? इथे बरेच जण पितात.

जुना_मेंबर
माझं मत: नको. काहींमध्ये अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं. आणि नसलं तरी चव तीच.

मांडवीकाठ
माझं मत: शून्यवाली चालते. इथे आपलं जमणार नाही, सोडून देऊ.

रुग्णसेवक
एक महत्त्वाचं राहिलं. सांजपाखरू 'गोळ्या घेऊन' म्हणाले. त्यात डायसल्फिराम असेल, म्हणजे ज्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या होतात ती गोळी, तर गोड खातानाही जपा. लिकर भरलेली चॉकलेटं, रम बॉल, रममध्ये भिजवलेला प्लम केक, तिरामिसू, हे नको. काही खोकल्याची औषधंही नकोत.

आणि आपल्याकडे कुणी लक्षातच घेत नाही ते म्हणजे आसव-अरिष्टं. द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट यांच्यात गूळ-साखर आंबवून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर लिहिलेलंही असतं. 'अशक्तपणा आलाय, भूक लागू दे' म्हणून घरची माणसं प्रेमाने दोन-दोन चमचे पाजतात. वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांना सांगा की तुम्ही दारू सोडली आहे.

अंगणवेल
बाप रे. सासूबाई याला द्राक्षासव देणार होत्या.

तिसरी_घंटा
वाचनखूण साठवली. अवांतर: श्रावणात सोडणाऱ्यांचं काय? आमच्या ऑफिसात गटारीला रात्रभर बसतात आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर साबुदाणा खिचडी आणि बर्फी. भाद्रपदात वजन करतात आणि म्हणतात, बघा, दारू सोडली की वजन वाढतं. म्हणून पुन्हा सुरू.

खारा_शंकरपाळा
हे तर आमचे साहेब!

गावठी_इंजिनियर
एकवीस मोदक आणि एक क्वार्टर यांच्यात कॅलरी कशात जास्त, डॉक्टर?

रुग्णसेवक
मोदकांत. पण मोदक खाऊन कुणी गाडी दुभाजकावर घातलेली मी कॅज्युअल्टीत पाहिली नाही.

निमूटराव
माझं म्हणणं कुणालाच पटलेलं दिसत नाही. तरी एक सांगतो. पळण्याबद्दलचं तरी घ्या. संध्याकाळी त्या वेळेला अर्धा तास घाम काढला तर गोडाची लहर बरीच ओसरते. यात तरी भांडण नसावं.

जुना_मेंबर
अजिबात नाही. निमूटराव, हे पहिल्याच प्रतिसादात लिहायचं होतं.

सांजपाखरू
सगळ्यांचे आभार. मध्ये गायब होतो, सगळं वाचत होतो.

धागा बायकोला दाखवला. तिने अंगणवेल ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा साखरेचा डबा खाली ओट्यावर आला.

चिमूटभर यांचं साडेपाचचं सुरू केलंय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उसळ मिळते, पाव न घेता खातो. कॅन्टीनवाला बुचकळ्यात पडलाय. फरक आहे. स्टेशनबाहेर दुकान दिसतं, पण पाय आपोआप वळत नाहीत, वळवावे लागतात. रोज जमतं असं नाही. गुरुवारी साहेबांशी वाजलं, त्या दिवशी उसळ खाऊनही बालुशाही घेतली. जुना_मेंबर यांच्या चारातलं दुसरं कलम. फक्त या वेळी पुडकं घरी घेऊन गेलो, मुलीलाही दिली.

डॉक्टर, गोळी तुम्ही म्हणता तीच आहे. नाताळात ऑफिसात प्लम केक वाटला होता, तेव्हा नशिबाने मी रजेवर होतो. सोनोग्राफी केली, फॅटी लिव्हर ग्रेड एक. माझे डॉक्टर म्हणाले, दारू बंदच ठेवा, गोड कमी करत आणा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे, नागपूरला. आदल्या रात्री भाऊमंडळी बसणार, हे ठरलेलं. जावं का?

जुना_मेंबर
लग्नाला जा. आदल्या रात्री जाऊ नका. सकाळची गाडी पकडा.

अंगणवेल
आणि जायचंच असेल तर वहिनींना सोबत घ्या, मुलांच्या खोलीत झोपा.

गावठी_इंजिनियर
नागपूर म्हणजे संत्रा बर्फी. डॉक्टर, चालेल ना?

रुग्णसेवक
एक. जेवणानंतर.

कडकलक्ष्मीचा_भाऊ
त्यातही गूळ घालून करतात आता.

हडपसर_एक्सप्रेस
अंगणवेल ताई, पावसाळ्यात राजगिऱ्याचे लाडू सादळतात हो. तुम्ही डबा कुठला वापरता?